गाठीचा माग काढणाऱ्या कमलताई

छातीला गाठ लागली तर आपल्या जळगाव-धुळ्याकडची बाई आधी कोणाला सांगते? बहुतेकदा कोणालाच नाही. दुखत नाही ना, मग जाऊ दे, म्हणून महिने काढते. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही! ही गाठ मुळात होते कशी, हे शोधण्यात एका मराठी बाईने आयुष्य घातलं. त्या डॉ. कमल रणदिवे.

जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. माहेरच्या समर्थ. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लेकीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. लेकीने दोन्ही ऐकलं नाही. १९३९ मध्ये गणिताचा अभ्यास असलेल्या जयसिंग रणदिवे यांच्याशी लग्न केलं, पुढे १९४३ मध्ये एम.एस्सी. झाल्या. मग मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्या काळात लग्न झाल्यावर एवढं शिकायचं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवायची विद्या तिथे शिकल्या आणि परत येऊन मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या स्तनांतल्या गाठींवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा या रोगाशी काय संबंध, हा त्यांचा ध्यास.

काचेतल्या पेशींवरच पुढे जगभर एक गोष्ट उलगडत गेली. स्तनाच्या अनेक गाठी इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनवर वाढतात. इन्सुलिन आपल्याला फक्त साखरेपुरतं ठाऊक; पण तेही पेशीला वाढायचा निरोप देतं. हे दोन निरोप पेशीच्या आत एकमेकांना मिळतात. इन्सुलिनचा निरोप इस्ट्रोजेनची यंत्रणा जागी करतो, इस्ट्रोजेनमुळे पेशी इन्सुलिनसारख्या वाढीच्या निरोपांना जास्त दाद देते. जणू दोन जावा एका चुलीत लाकडं सारतात! पाळी गेल्यावर चरबीतच इस्ट्रोजेन तयार होतं आणि पोट सुटलं की रक्तातलं इन्सुलिनही वाढतं. म्हणून डॉक्टर वजनाबद्दल बोलतात, ते काही दिसण्यासाठी नव्हे. मात्र शुगरवाल्या बायांनी हे वाचून इन्सुलिनचं इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही, बरं का. आणि बारीक बाईलाही गाठ होते.

कमलताईंनी १९६६ ते १९७० मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्राचं संचालकपद सांभाळलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९७३ मध्ये अकरा मैत्रिणींना घेऊन भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

निवृत्तीनंतर हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, गावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. मला तर प्रयोगशाळेपेक्षा त्यांचं हे काम जास्त जवळचं वाटतं. २००१ मध्ये त्या गेल्या.