तापल्यावर वीज वाहणारा घनपदार्थ

मायकेल फॅरेडे यांचा जन्म १७९१ मध्ये इंग्लंडमधल्या एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती झाली. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता त्यांना विज्ञानाची गोडी लागली. हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे बांधून त्यांनी डेव्हींनाच पाठवली. १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना मदतनिसाची नोकरी मिळाली.

१८३३ मध्ये फॅरेडेंना एक नियम दिसला. बर्फ वीज अडवतो, पाणी ती जाऊ देते; अनेक क्षारही वितळल्यावरच वीज वाहून नेतात. पण सिल्व्हर सल्फाइड घनरूपात असतानाच, तापवताच वीज वाहू लागले. पुढे लेड फ्लोराइडही तसेच निघाले. नियमात न बसणारे हे पदार्थ त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. या घनपदार्थांत विद्युतभारित कण, म्हणजे आयन, स्फटिकातल्या मोकळ्या जागांतून सरकतात, हे बऱ्याच काळाने उलगडले. ‘आयन’ हा शब्द रूढ केला तोही फॅरेडे यांनीच.

उतारवयात त्यांची स्मरणशक्ती क्षीण झाली. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या नोंदींचा धागा आज आरोग्याशीही जोडलेला आहे. हृदयाच्या पेसमेकरमध्ये १९७२ पासून वापरात आलेल्या लिथियम-आयोडीन बॅटरीत आयन घनपदार्थातूनच सरकतात. मोबाइल आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीत मात्र ज्वलनशील द्रव असतो. त्याच्या जागी घनपदार्थ आला, तर आगीचा धोका बराच कमी होऊ शकेल. पण तो नेहमीच्या तापमानालाच आयन वेगाने वाहून नेणारा हवा, इलेक्ट्रॉन अडवणारा हवा आणि टिकाऊही हवा.

असा पदार्थ आता संगणकावर शोधतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये लिथियमयुक्त १२ हजारांहून अधिक पदार्थ अशा निकषांच्या चाळणीतून काढले. उरले फक्त २१. फॅरेडे एकेक पदार्थ हाताने तपासत, गणितही त्यांना फारसे येत नव्हते. संगणकाने यादी आखूड केली, पण यादीतला पदार्थ प्रत्यक्ष बनवून, त्याला तारा जोडून पाहावेच लागते. ती शेवटची परीक्षा अजून फॅरेडे यांच्याच पद्धतीची आहे.