मुक्तिसंग्रामाच्या आधी अंबाजोगाईच्या शाळेत मुलांची भीती घालवणारे हेडमास्तर : स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ म्हटलं की आपल्याला निजामाविरुद्धचा लढा आठवतो. पण या लढ्याच्या आधी ते हाडाचे शिक्षक होते आणि बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत हेडमास्तर होते, हे फार जणांना माहीत नसतं.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आजच्या कर्नाटकातल्या सिंदगीचा. सोलापुरात शिकताना असहकार चळवळ आली आणि त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढचं शिक्षण अमळनेर आणि पुण्यात झालं. काही काळ त्यांनी ना. म. जोशींसोबत कामगारांमध्ये काम केलं आणि १९२९ मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. तिथं शिक्षक आणि विद्यार्थी एकत्रच राहायचे. संन्यासही त्यांनी याच काळात घेतला.

१९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. तेव्हा गावाचं सरकारी नाव होतं मोमिनाबाद.

आता तेव्हाचं वातावरण बघा. संस्थानात माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून चालायचं. त्यामुळं घरात मराठी बोलणारं पोरगं वर्गात गप्प बसायचं. सभा घ्यायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी, एवढंच काय, कुस्ती-व्यायामाचा आखाडा काढायचा तरी परवानगी! म्हणजे पोरांनी चार लोकांत बोलायचं, खेळायचं, अंग कमवायचं, या सगळ्यावर सरकारची नजर.

अशा भीतीत वाढलेल्या पोराचं मन खचतं. मानसिक आरोग्य हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण दुखणं तेच होतं. म्हणूनच मराठवाड्यातल्या या खासगी शाळांचं मोल मोठं. इथं आपल्या भाषेत शिकता यायचं, प्रश्न विचारता यायचा आणि पाठीशी उभा राहणारा मास्तर भेटायचा.

१९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली आणि स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उडी घेतली. त्यांना तुरुंगवास झाला. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातली मुलं वंदे मातरमसाठी उभी राहिली आणि त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आलं. पोरांची भीती मोडली होती.

देश स्वतंत्र झाला त्या दिवशीही स्वामीजींना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. पुढे ते खासदार झाले, पण शिक्षण सुटलं नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजच्या उभारणीत ते होते. २२ जानेवारी १९७२ ला त्यांचं निधन झालं. आज अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

आज बीडमधली भीती वेगळी आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं सहा-सहा महिने आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. दुष्काळ, कर्ज, परीक्षेचं टेन्शन वेगळंच. या लेकरांना आजही तेच लागतं : खेळायला मैदान, आपल्या भाषेत बोलता येईल असा वर्ग आणि गप्प बसलेल्या पोराकडं लक्ष जाईल असा एक मास्तर.