शेततळ्यात पाणी किती मावतं? भास्कराचार्यांनी लिहून ठेवलंय!

फुलंब्रीच्या शिवारात एक शेततळं आहे असं समजा. वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. मोबाईलवर तिन्ही आकडे गुणले की उत्तर येतं २,७०० घनमीटर. पण थांबा, हे उत्तर चुकीचं आहे! तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे तळाशी २४ बाय २४ मीटरच जागा उरते. मग खरं उत्तर कसं काढायचं? ते सांगणारा माणूस १२व्या शतकात होऊन गेला.

कोण होते भास्कराचार्य?

जन्म इ.स. १११४. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीलगतचं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनी स्वतःच नोंदवलंय. वयाच्या ३६व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. ‘करणकुतूहल’ लिहिलं तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.

‘लीलावती’त रोजच्या कामाचं गणित आहे. खड्डा, विटांचा थर, धान्याची रास, सगळं. रास घराच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर तिचा घेर मोजायचा, ४ ने गुणायचा, पूर्ण राशीचं घनफळ काढायचं आणि ४ ने भागायचं. झालं काम!

आता आपलं शेततळं

उतरत्या खड्ड्याचं गणित त्यांच्याआधी ब्रह्मगुप्तांनीही मांडलं होतं. भास्कराचार्यांची रीत अशी: वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि वरच्या-खालच्या बाजूंची बेरीज करून येणारं क्षेत्रफळ, ही तिन्ही मिळवा. ६ ने भागा, खोलीने गुणा.

९०० + ५७६ + (५४ × ५४ = २,९१६) = ४,३९२
४,३९२ ÷ ६ = ७३२
७३२ × ३ = २,१९६ घनमीटर

पटत नाही? तळ्याचे तुकडे करून बघा. मधला चौकोनी ठोकळा १,७२८. चार बाजूंच्या चार पाचरी, प्रत्येकी १०८, म्हणजे ४३२. चार कोपऱ्यांतले चार सुळके, प्रत्येकी ९, म्हणजे ३६. बेरीज तीच, २,१९६!

म्हणजे पहिल्या हिशोबात ५०४ घनमीटर पाणी जास्त धरलं होतं. लिटरमध्ये सांगायचं तर ५ लाख ४ हजार. त्या भरवशावर उन्हाळ्यात बाग जगवायला गेलात तर पाणी मध्येच संपणार.

पुढे काय झालं?

मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारात पंडित झाला. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण इथे मठ काढला. १२०७ सालच्या शिलालेखात याची नोंद आहे. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली.

हे पाटण काही लांब नाही. फुलंब्रीहून कन्नड गाठा, घाट उतरा, की चाळीसगावजवळ पाटणादेवी. कधी गेलात तर हा हिशोब आठवा. कॅल्क्युलेटर गुणाकार अचूक करतो, पण आकाराचे तुकडे कसे पाडायचे हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं.