काचपात्रातील पेशी आणि कमल रणदिवे

कर्करोगाच्या पेशी रुग्णाच्या देहाबाहेर जगविणे हे आज मोठ्या संशोधनसंस्थांत नित्याचे काम आहे. भारतात ते नित्याचे नव्हते, तेव्हा ते अंगावर घेणाऱ्या विदुषी पुण्याच्या होत्या, याचे स्मरण पुण्यातही क्वचितच होते.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ सालचा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. हुजूरपागेत शिकलेल्या या मुलीने डॉक्टर व्हावे, डॉक्टराशीच विवाह करावा, ही त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी १९३९ साली विवाह झाला. पुढे मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळविली आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णेच्या पेशी १९५१ साली अखंड वाढत राहिल्या त्या याच प्रयोगशाळेत. मात्र त्यासाठी तिची संमती कोणी विचारली नव्हती, हा डाग त्या यशावर राहिलाच.

स्वदेशी परतून कमलबाईंनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा, अन्ननलिकेचा व रक्ताचा कर्करोग हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. यांतील रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी विशेष हट्टी. देहात बेबंद वाढणाऱ्या या पेशी रक्तातून वा अस्थिमज्जेतून काढून पोषकद्रवात, ३७ अंश उष्णतेत ठेवल्या, तरी बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत मरतात. कारण मज्जेतील शेजारी पेशींकडून मिळणारे वाढीचे संकेत काचेत मिळत नाहीत. त्यात एखादा जंतू शिरला की सारी मेहनत वाया. तरीही हा खटाटोप करावा लागतो. विषारी औषधाची पहिली परीक्षा रुग्णाच्या देहावर होण्याऐवजी काचपात्रात होऊ शकते, ती यामुळेच.

१९६६ ते १९७० या काळात केंद्राचे हंगामी संचालकपदही त्यांनी सांभाळले. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. कुष्ठरोगाच्या लसीवरील त्यांच्या कामाचा गौरव अधिक झाला. प्रयोगशाळा उभारून तीत माणसे घडविण्याचे काम मात्र कोणत्याही पदकात मावत नाही.

निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील राजूर परिसरात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी करीत हिंडल्या. २००१ साली त्यांचे निधन झाले.