अर्जदार विद्यार्थी : भीमराव रामजी आंबेडकर



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली आणि तीत बाबासाहेबांवर लेख नाही, असे कधी होत नाही. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे सारे आपल्या घरातल्या लहान पोरालाही तोंडपाठ आहे. म्हणून यंदा आम्ही बाबासाहेबांच्या आयुष्यातील अशा वर्षांवर लिहायचे ठरवले, ज्यांच्याविषयी भाषणात एकाच वाक्यात सांगून पुढे जातात. ते अमेरिकेत शिकले, मग लंडनला शिकले, असं आपण म्हणतो. पण अमेरिकेतून लंडनला ते पोहोचले कसे? अर्ज कोणी केला, फी कोणी भरली, मुदत कोणी वाढवून दिली? बोधिसत्त्व बाबासाहेब त्या वेळी परक्या मुलखातले पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. त्यांनाही अर्ज करावे लागले, वाट पाहावी लागली आणि नकारही पचवावा लागला.

सुरुवात आपल्या शेजारापासूनच करू. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी झाला. साक्रीहून हे गाव काही लांब नाही. तिथल्या पोराला बडोद्याची गादी मिळाली. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना बुद्धांचे चरित्र भेट दिले होते. त्याच गुरुजींच्या खटपटीमुळे पुढे कॉलेजसाठी सयाजीरावांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली ते बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार वारले. कर्ता माणूस गेला, तरी त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनी बडोदे सरकारशी करार केला. तीन वर्षे परदेशात शिकायचे, महिना साडेअकरा पौंड मिळायचे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियात अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र घेतले. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी हिंदुस्थानातील जातींवरचा आपला निबंध तिथे वाचला. त्याच वर्षी डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रबंध मान्य झाला म्हणजे पदवी मिळाली असे कोलंबियात नव्हते. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या, मगच पदवी. छापायला पैसे कुठून आणायचे? ती पदवी हातात पडायला १९२७ साल उजाडले. मधली अकरा वर्षे ते कागद धरून बसले, सोडून दिले नाही.

शिष्यवृत्तीची तीन वर्षे १९१६ च्या जूनमध्ये संपत होती. दुसरा कोणी असता तर बोट धरून घरी आला असता. घरी परळच्या चाळीत रमाई होत्या, आणि त्यांच्या पदरी काय हाल आले ते आपल्या मायबहिणींना सांगायला नको. पण लंडनची पदवी आणि बॅरिस्टरी झाल्याशिवाय आपल्या समाजाचे काम पुरते होणार नाही, हे भीमरावांनी हेरले होते. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये राहूनच महाराजांकडे मुदतवाढ मागितली. कोलंबियातील त्यांचे गुरू प्रोफेसर सेलिग्मन यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि लंडनच्या सिडनी वेब साहेबांना पत्र दिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था ज्यांनी उभी केली, त्यांपैकी वेब हे एक. म्हणजे एका परदेशात बसून दुसऱ्या परदेशाचा दरवाजा ठोठावायचा, आणि हातात काय, तर गुरूचे एक पत्र आणि स्वतःचे मार्क.

महायुद्ध चालू होते. तशा दिवसांत ते लंडनला आले. १९१६ च्या ऑक्टोबरात स्कूलमध्ये नाव दाखल केले, फी होती दहा पौंड दहा शिलिंग. नोव्हेंबरात ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव घातले. दोन अर्ज, दोन फिया आणि दोन अभ्यास एकाच वेळी अंगावर घेतले. वर्ष पुरते झाले नाही तोच बडोद्याहून बोलावणे आले. मुदत संपली, नोकरीवर या.

आता आम्हाला खरं सांगायचं आहे ते इथे आहे. अशा वेळी आपली पोरं काय करतात? कॉलेज अर्धवट टाकून घरी येतात, आणि एकदा पोरगं कामाला लागलं की ते कॉलेज कायमचं सुटतं. आमच्या पिढीत गिरणीच्या पाळीवर लागलेल्या कितीतरी जणांचे शिक्षण असेच सुटले, आमचेही सुटले. भीमरावांनी तसे केले नाही. जाण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून जास्तीत जास्त चार वर्षांची रजा लिहून घेतली. जुलै १९१७ मध्ये ती मंजूर झाली. शिक्षण थांबले, पण नाव कटले नाही. त्या एका कागदावर पुढचे सारे उभे राहिले.

परतीच्या वाटेवर त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती शत्रूने बुडवली. पुस्तके, कागद समुद्रात गेले. सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातून बडोद्याला जायचा खर्च भागला. बडोद्यात काय झाले ते आपण जाणतोच. अमेरिकेतून शिकून आलेल्या या माणसाला राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी हाकलले. कचेरीतला शिपाई कागद लांबून टाकायचा. शेवटी नोकरी सोडून मुंबईला यावे लागले.

तरी लंडनची मुदत चालूच होती, आणि ती त्यांच्या डोक्यात होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. पगार महिना साडेचारशे. त्या काळी एवढ्या पगारात माणूस साहेबी थाटात राहिला असता. यांनी चाळ सोडली नाही. घरात रमाईंनी काटकसर केली आणि सुमारे सात हजार रुपये साठले. कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांनी पाच हजार उसने दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजारांची मदत केली. जुलै १९२० मध्ये, चार वर्षांची रजा संपण्याआधीच, ते पुन्हा लंडनला निघाले.

गुरू त्यांना विसरले नव्हते. सेलिग्मन साहेबांनी या खेपेला प्रोफेसर फॉक्सवेल यांना पत्र लिहिले, आणि फॉक्सवेल यांनी ते स्कूलच्या सेक्रेटरी बाईंकडे पोहोचवले. फी आता अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. पोटाला चिमटा घेऊन, मित्राने दिलेल्या पापडावर रात्र काढून, दिवसभर ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात त्यांनी बैठक मारली. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. १९२२ साली बॅरिस्टर झाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९२१ च्या फेब्रुवारीत लंडनला असतानाच त्यांनी जर्मनीच्या सरकारी खात्याकडे बॉन विद्यापीठात शिकण्यासाठी अर्ज केला. अर्ज स्वतःच्या हाताने आणि जर्मन भाषेत लिहिलेला! एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे नाव तिथे दाखलही झाले. पण लंडनचे काम अर्धे टाकून तिथे राहणे झाले नाही, आणि हजेरी नाही म्हणून १९२३ च्या जानेवारीत त्यांचे नाव कमी झाले. आम्ही हे मुद्दाम लिहितो. बाबासाहेबांचा प्रत्येक अर्ज शेवटाला गेला असे नाही. एक अर्ज वाया गेला म्हणून त्यांनी बाकीचे सोडले नाहीत, एवढेच.

सर्वांत मोठा फटका पुढे होता. रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी. चा प्रबंध त्यांनी मार्च १९२३ मध्ये दिला, आणि तो मान्य झाला नाही. पुन्हा लिहून द्या, असे झाले. पैसे संपले होते, म्हणून ते मुंबईला परतले. कर्ज डोक्यावर, वकिली अजून उभी राहायची होती. अशा स्थितीत मुंबईत बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पुन्हा सादर केला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. तो ग्रंथ त्यांनी आपल्या आईवडिलांना अर्पण केला. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ छापून निघाला, तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला आणि त्याला प्रस्तावना सेलिग्मन साहेबांची घेतली. ज्याने हात दिला त्याची आठवण त्यांनी ठेवली. याच ग्रंथावर १९२७ साली कोलंबियाची पदवी मिळाली, महाडचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी.

हेच बॅरिस्टर आंबेडकर १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याच्या कोर्टात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आपण दर ३१ जुलैला तिथे जातो, नतमस्तक होतो. त्या बंगल्यात जो माणूस राहिला, तो अशा वीस-पंचवीस कागदांच्या पायऱ्या चढून तिथवर आला होता, हे पोरांना तिथे उभे करून सांगितले पाहिजे.

पुढे सत्तेच्या जागी बसल्यावर बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सरकारकडून मंजूर करून घेतल्या. १९४४ च्या सुमारास पहिली मुले गेली. केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४ पासून आणि महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची २००३ पासून आहे. म्हणजे आता सयाजीराव शोधत फिरायची गरज नाही. अर्ज मात्र आपल्यालाच करायचा आहे.

आणि इथे आमची मान खाली जाते. आपल्या वस्तीतील एका मुलीला परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला एक दाखला कमी पडला. तिच्या बापाने मजुरी बुडवून हेलपाटे मारले. दाखला मिळाला तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. त्याच दिवसांत आम्ही कार्यकर्ते वर्गणीचे पावती पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. माउलीने चहा दिला, बापाने वर्गणी दिली, आम्ही पावती फाडली आणि निघालो. पोरीचं काय चाललंय, हे एकानेही विचारले नाही. भीमरावांच्या पाठीशी केळुसकर गुरुजी होते, सेलिग्मन होते, नवल भथेना होते. त्या पोरीच्या पाठीशी आम्ही नव्हतो.

म्हणून या वर्धापनदिनी आम्ही विहार समितीपुढे एक साधे मागणे ठेवतो. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडावे. तिथे शिकलेल्या दोघांनी बसावे. दहावीपासून प्रत्येक मुलामुलीची एक फाईल करावी. तिच्यात जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रके आणि पासपोर्ट असावा. कोणत्या अर्जाची मुदत कधी संपते, ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावे. ज्याचे शिक्षण मध्येच थांबते आहे, त्याने कॉलेजकडून तसे लिहून घेतले का, हे विचारावे. आणि ज्याला नकार आला, त्याला १९२३ सालची ती गोष्ट सांगावी.

मिरवणूक निघेलच, निघालीच पाहिजे. पण बाबासाहेबांच्या फोटोला हार घालताना त्यांच्या हातातल्या पुस्तकामागे किती अर्ज आहेत, तेही आठवू या. ती पोरगी यंदा पुन्हा अर्ज करते आहे. या खेपेला तिच्या घरी आम्ही पावती पुस्तकाच्या आधी तिची फाईल मागणार आहोत.

जय भीम! जय बुद्ध!