न्यायमूर्ति जॉन मार्शल

खेळाच्या मैदानावर पंच हा स्वतःच्या मर्जीचा नव्हे, तर नियमांचा चाकर असतो, हें आमच्या बालवाचकांस ठाऊकच आहे. राज्यकारभारांतहि असा पंच लागतो. अमेरिकेंत हें पंचाचें काम ज्यांनीं दृढ केलें, त्या जॉन मार्शल यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजीं व्हर्जिनियांत झाला. पंधरा भावंडांत ते थोरले. शाळेचा लाभ त्यांस अल्पच. विद्या मिळाली ती मुख्यत्वें पित्याकडून. स्वातंत्र्ययुद्धांत व्हॅली फोर्जच्या छावणींतील थंडी व उपासमार त्यांनीं सोसली. पुढें वकिलींत नांव मिळवून ते परराष्ट्रमंत्री झाले व १८०१ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले.

त्याच वर्षीं अध्यक्ष अॅडम्स यांनीं अधिकार सोडतांना विल्यम मार्बरी यांस मॅजिस्ट्रेट नेमलें. नेमणूकपत्रावर सही-शिक्का झाला, परंतु तें पोंचतें करावयाचें राहून गेलें. आणि ही चूक मंत्री या नात्यानें खुद्द मार्शल यांचीच होती! नवे अध्यक्ष जेफर्सन यांच्या सरकारनें पत्र देण्याचें नाकारलें, तेव्हां मार्बरी यांनीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. हुकूम द्यावा, तर सरकार तो धुडकावील. न द्यावा, तर न्यायालय भ्यालें असें लोक म्हणतील.

२४ फेब्रुवारी १८०३ रोजीं निकाल लागला. पत्रावर मार्बरी यांचा हक्क आहे. परंतु असा दावा थेट या न्यायालयांत चालविण्याचा अधिकार देणारें १७८९ च्या कायद्याचें कलम राज्यघटनेविरुद्ध, म्हणून रद्द आहे. अशा रीतीनें स्वतःच्या न्यायालयाचा लहानसा अधिकार सोडून मार्शल यांनीं मोठें तत्त्व स्थापिलें. तें हें कीं, बहुमतानें झालेला कायदाहि घटनेहून श्रेष्ठ नाहीं, व तो घटनेस धरून आहे कीं नाहीं हें न्यायालयानें पाहावें.

मार्शल सर्वथा निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं अनेक माणसें गुलाम म्हणून बाळगलीं, हा त्यांच्या चरित्रावरील डागच होय. शिवाय न्यायालयापाशीं सैन्य नसतें, खजिनाहि नसतो. १८३२ सालीं त्यांनीं चेरोकी लोकांचे हक्क मान्य करणारा निकाल दिला; जॉर्जिया राज्यानें तो जुमानला नाहीं. ६ जुलै १८३५ रोजीं मार्शल वारले, आणि १८३८ सालीं ते दुर्दैवी लोक आपल्या भूमींतून हांकलले गेले.

मूलभूत हक्क हिरावणारा कायदा रद्द समजावा, असें आपल्या भारतीय राज्यघटनेच्या १३ व्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे. परंतु लिहिलेलें टिकवावयाचें कोणीं? विद्यार्थिमित्रहो, तें आपणां सर्वांसच टिकवावें लागतें. डाव आपल्याविरुद्ध गेला तरी पंचाचा निर्णय मानण्याची संवय आज मैदानावर लागली, तरच उद्यां ती राज्यकारभारांत उपयोगीं पडेल, असें आम्हांस वाटतें.