गंजिफा राखणारा राजा

आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत एक लाकडी पेटी होती. सरकत्या झाकणावर फुलांची वेल रंगवलेली, आणि आत गोल गोल पाने. कुणावर मासा, कुणावर कासव, कुणावर परशू. बडोद्यातील जुन्या घरांतून अशा पेट्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्यांना गंजिफा म्हणतात एवढे आम्हांस ठाऊक होते. पण खेळावे कसे, हे घरात कोणासही येत नव्हते. तेव्हा आम्ही मुलांनी त्या पानांच्या चकत्या करून अंगणात उडवल्या. वडील पाहत होते, पण रागावले नाहीत. पोरवयात कलावंत कारखान्यात तंबोऱ्यावर बसलेला तो माणूस. दरबार संपताना त्याने याहून मोठ्या गोष्टी उधळलेल्या पाहिल्या होत्या.

हे सारे आठवण्यास कारण झाला माझा एक विद्यार्थी. शिकवणी आटोपल्यावर त्याने मला एका अमेरिकन खेळाचे चित्रमय पुस्तक दाखवले. टेबलाभोवती चारपाच जणांनी बसायचे, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचे, कोणी योद्धा तर कोणी मांत्रिक, आणि फासे टाकीत एका कल्पित राज्यातून वाट काढायची. हा खेळ १९७४ साली प्रथम विक्रीस आला, तेव्हा त्याच्या पुस्तिकांत अगदी नवशिक्या हाताची रेखाचित्रे होती. पुढे निष्णात चित्रकार आले. १९८३ सालच्या पेटीवर लॅरी एल्मोर यांनी काढलेला तांबडा पंखधारी राक्षस पाहून मुलांनी तो खेळ घरोघर नेला. चित्र आधी मनात शिरते, नियम मागाहून, हे मला त्या पुस्तकात दिसले. आणि एकदम सावंतवाडीचे कै. श्रीमंत शिवरामराजे भोसले आठवले. जवळजवळ त्याच काळात तेही एका खेळाची चित्रे वाचवीत होते.

शिवरामराजांचा जन्म १९२७ चा. वडील पंचम खेमराज ऊर्फ बापूसाहेब महाराज. त्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटले, असे वाडीकर आजही अभिमानाने सांगतात. मातोश्री पार्वतीदेवी या मूळच्या आपल्या बडोद्याच्या. युवराज फत्तेसिंगरावांची कन्या, म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांची नात. १९३७ साली बापूसाहेब निवर्तले आणि दहा वर्षांच्या मुलाच्या मस्तकी राज्य आले. कारभार मातोश्रींनी रीजंट म्हणून सांभाळला. मुलगा जाणता होऊन गादीवर बसतो न बसतो तोच काळ पालटला. १९४८ साली सावंतवाडी मुंबई प्रांतात विलीन झाली. विशीतच ज्याचे राज्य गेले, त्याने पुढच्या साऱ्या आयुष्याचे काय करावे?

अशा प्रसंगी पुष्कळ संस्थानिकांनी शिकारीत आणि घोड्यांच्या शर्यतींत मन रमवले. शिवरामराजे आपल्या गावातच राहिले. विधानसभेवर निवडून गेले. १९६१ साली सावंतवाडीत वडिलांच्या नावाने महाविद्यालय उभे राहिले, त्यामागेही राजघराण्याचा हात होता. पत्नी सत्त्वशीलादेवी याही बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. म्हणजे दोन पिढ्या बडोद्याची लेक मोती तलावाकाठच्या त्या राजवाड्यात नांदली.

आता गंजिफांविषयी. हा खेळ इराणच्या बाजूने आला. बाबराने १५२७ साली सिंधमधील एका मित्राला गंजिफांचा जोड पाठविल्याची नोंद आहे, आणि अबुल फझलने अकबराच्या पानांचे वर्णन केले आहे. मोगलांच्या पानांवर ताज, तलवार, गुलाम असे दरबारी रंग. आपल्या लोकांनी त्यांच्या जागी दशावतार बसवले. सावंतवाडीत हा खेळ तिसऱ्या खेमसावंतांच्या अमदानीत, अठराव्या शतकात, तेलंगणातून आलेल्या विद्वानांनी आणला असे सांगतात. तेथील चितार आळीतले कारागीर ही पाने रंगवू लागले.

दशावतारी जोडात १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा. राजाच्या पानावर स्वतः अवतार, प्रधान बहुधा घोड्यावर. पहिल्या पाच अवतारांत दहाचे पान प्रधानाखालोखाल मोठे. पुढच्या पाचांत क्रम उलटा, तेथे एक्का मोठा. दिवसा खेळावयास बसले तर रामाचा राजा उतारी करतो, रात्री कृष्णाचा. मला यात राग गाण्याच्या वेळा दिसतात. दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे, आणि खेळणाऱ्याने प्रहर ओळखून बसायचे.

ही पाने करणे मोठे कष्टाचे काम. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, गोट्याने घोटून गुळगुळीत करायचे, मग गोल कापून बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा हात फिरवायचा. तीन बोटांच्या त्या चकतीवर मत्स्यावतार उभा करायचा आणि तो पाहताक्षणी ओळखू यायला हवा. छापील पत्ते आले, दरबार गेले, आणि हे करणारी घरे एकामागून एक थांबली. शिवरामराजांच्या काळी ही विद्या नीट जाणणारे पुंडलिक चितारी तेवढे उरले होते, आणि तेही उतारवयाचे.

येथे या चरित्रातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट घडली. राजांनी चितारींकडून चार जोड करून घेतले असते आणि काचेच्या कपाटात ठेवले असते, तर कोणीही त्यांना नावे ठेवली नसती. पण राजा आणि राणी स्वतः चितारींचे विद्यार्थी झाले. ज्याच्या पूर्वजांनी ज्या कारागिराच्या पूर्वजांना आश्रय दिला, तोच त्याच्यापुढे कुंचला धरायला बसला. १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. ज्या दरबारात मुजरे झडत होते, तेथे तरुण मुलेमुली मांडी घालून दशावतार रंगवू लागली. सिंहासनाजवळ बसून रंग कालवणारी ती मुले मी स्वतः पाहिली आहेत. त्या पानांना बाहेरून मागणीही आली. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडेन यांनी गंजिफांवर लिहिलेला ग्रंथ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८२ साली प्रसिद्ध केला.

खरे तेही सांगितले पाहिजे. आज हे जोड घेणारे बहुतेक ते भिंतीवर लावतात किंवा भेट देतात, खेळणारे विरळाच. चित्र वाचले, खेळ मात्र अर्धाच वाचला. पण हात वाचला आहे तोवर खेळही परत येऊ शकतो. हात गेल्यावर नुसती पेटी उरते.

हे मी अनुभवाने लिहितो. वडिलांच्या चिजांची वही माझ्यापाशी आहे. बोल आहेत, सूर आहेत. ते असताना मला वाटे, वही तर आहेच, सावकाश शिकू. आज त्यातल्या कित्येक चिजांची मला नुसती ओळ वाचता येते. ती कोठे उचलायची, कोठे थांबायचे, हे सांगणारा गेला. शिवरामराजांनी ती चूक केली नाही. चितारी होते तेव्हाच ते जाऊन बसले.

शिवरामराजे १९९५ साली वारले. सत्त्वशीलादेवींनी २०१८ मधील आपल्या निधनापर्यंत ते काम सांभाळले, आणि पुढच्या पिढीने ते चालू ठेवले आहे. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

आमच्या पेटीत १२० पैकी आता ९३ पाने आहेत. उरलेली अंगणातच गेली. सावंतवाडीहून मी नवा जोड आणला आहे. रविवारी शिकवणीनंतर तो विद्यार्थी, त्याची बहीण आणि मी असे तिघे बसतो. दर माणशी चाळीस पाने. सकाळची वेळ, म्हणून रामाची उतारी. खेळ संपल्यावर मी त्या दोघांना वहीतली एक चीज सांगतो. जेवढी मला येते तेवढी.